न दिलेल्या औषधांची नोंद

अण्णांनी मजकूर आधीच लिहून ठेवला होता. काकूच्या वर्षश्राद्धाला रत्नागिरीच्या दैनिकात द्यायचा, फोटोसकट, दोन कॉलम. 'प्रथम पुण्यस्मरण. प्रेमळ पत्नी, आदर्श माता, कुटुंबाचा आधारवड. हातखंबा येथील औषध दुकानाच्या संचालिका.' त्याखाली आम्हा सगळ्यांची नावं, वयाच्या क्रमाने. वाचलं आणि मला राहवलं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झालेली. जिच्याबद्दल लिहायचं ती त्यांची थोरली वहिनी. मी पुण्याला एका रुग्णालयात फार्मसिस्ट आहे आणि या कामात आले ती काकूला बघून. दोघांनाही ती आपलीच वाटते. जे बोलणं झालं ते इथे देते आहे. त्यातला वादही ठेवलाय, कारण अशा कितीतरी बायकांच्या फोटोखालचा मजकूर घाईत ठरतो आणि त्यावर कुणी वाद घालत नाही.

अण्णा : यात खोटं काय आहे ते सांग. प्रेमळ नव्हती? आईचं आजारपण कुणी काढलं? दोन्ही पोरांना कुणी वाढवलं?

मी : खोटं काहीच नाही, अण्णा. पण हा मजकूर दुसऱ्या कुणाच्याही फोटोखाली चालेल. यातून काकू ओळखू येत नाही. आणि 'संचालिका' कशासाठी? ती नोंदणीकृत फार्मसिस्ट होती. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा, मग महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव, बिलावर काकांचं, आणि काकूचं नाव फक्त भिंतीवरच्या काचेच्या चौकटीत. ती चौकट नसती तर दुकान एक दिवस उघडता आलं नसतं.

अण्णा : ते कायद्याचं झालं. गावाला ती 'मेडिकलवाल्या वहिनी' म्हणूनच माहीत. रात्री-अपरात्री कडी वाजली की उठून औषध देणारी. लोक त्याच्यासाठी आठवण काढतात. चौकटीतला कागद कोण वाचतो?

मी : कुणी वाचत नाही, हेच तर दुखणं आहे.

अण्णा : बिलावर नाव असलेला तुझा काका, दादा, काही बिनकामाचा नव्हता हो. चौपदरीकरणात रस्ता रुंद झाला, दुकान मागे घ्यावं लागलं. जागा बदलली की परवाना नवा. त्या कागदांसाठी दादाने रत्नागिरीच्या ऑफिसात किती खेपा घातल्या असतील. तिठ्यावर धूळ, खड्डे, डायव्हर्शन. कांटे ते वाकेडचं काम वर्षानुवर्षं रखडलेलं. त्या सगळ्यातून स्कूटरवरून होलसेलरकडचा माल तोच आणायचा. गणपतीत वहिनी दुकानातून हलायच्या नाहीत, तिठा चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेला असायचा, तर उकडीचे मोदक वळायला दादा शिकला. या घरातल्या पुरुषाने कधी परातीला हात लावला नव्हता.

हे मला ठाऊक होतं, पण अण्णांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्या पिढीतल्या माणसाने आपल्या थोरल्या भावाची अशी आठवण सांगावी याला मी फार मान देते. हातखंबा ज्यांनी नुसता गाडीतून पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता इथे भेटतात आणि पालीपर्यंत एकत्र जातात. वडाप, एसटी, आंब्याचे ट्रक, गॅसचे टँकर, रात्रभर चालणारी वाहतूक. अशा तिठ्यावरच्या औषधाच्या दुकानात फक्त गावातलं गिऱ्हाईक येत नाही, सगळा महामार्ग येतो.

मी : मी काकांना कमी लेखत नाही. त्यांनीही घर ओढलं. पण दारात उभं राहून 'मिळणार नाही' म्हणायचं काम एकट्या काकूचं होतं. रात्रीचे ट्रकवाले येऊन खोकल्याचं औषध मागायचे, कोडीनचं, बाटलीवर बाटली. खोकला नसायचाच. ती द्यायची नाही. शिव्या खाल्ल्यात तिने.

अण्णा : खाल्ल्यात. मी होतो एकदा तिथे. मी म्हटलं, वहिनी, रात्रीची वेळ, द्या आणि मोकळ्या व्हा. तर म्हणाल्या, 'अण्णाभावोजी, तो पुढे आंबा घाटात गाडी घालणार आहे.' एवढंच. पण मला सांग, त्याने पुढच्या दुकानातून घेतली नसेल का? घसा धरला म्हणून कुणी सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मागितल्या, वहिनींनी नाही म्हटलं, तो चालत जाऊन शेजारून घेऊन आला. वाचलं काय त्यात? गिऱ्हाईक मात्र गेलं. दुकानाचं नुकसान घराने सोसलं. त्या पैशांत पोरांच्या फिया होत्या.

अण्णांचा हा मुद्दा सोपा नव्हता, आणि मी तो टाळला नाही. माझ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागासाठी औषधं काढताना हल्ली असे रुग्ण नेहमी दिसतात, ज्यांच्या जंतूंवर नेहमीचं एकही प्रतिजैविक चालत नाही; मग कोलिस्टिनसारखं, मूत्रपिंडांना जड जाणारं जुनं औषध द्यावं लागतं. ती अवस्था फक्त रुग्णालयात तयार होत नाही. दोन गोळ्या खाऊन बरं वाटलं की सोडायचं, असं गावोगावच्या काउंटरवर वर्षानुवर्षं चाललं, त्याचाही त्यात वाटा आहे. म्हणूनच २०१४च्या मार्चपासून औषध नियमांतलं एच-१ परिशिष्ट लागू झालं. तिसऱ्या पिढीची बरीच प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, झोपेच्या काही गोळ्या त्यात आल्या. विकताना रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं, सगळं वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. काकू ती वही शाळेच्या हजेरीपटासारखी लिहायची. शेजारच्या दुकानाने काय केलं ते तिच्या हातात नव्हतं.

अण्णा : वही होती, बरोबर. पण वहीत दिलेलंच येतं. न दिलेलं कुठे येतं?

मी : कुठेच नाही. म्हणून तर मला जाहिरातीत ते हवंय, अण्णा. विकलेलं सगळं बिलबुकात आहे. तिचं खरं कर्तृत्व जे विकलं नाही त्यात होतं, आणि त्याचा एकही कागद नाही. घरचे आपण. आपण नाही लिहिलं तर ते गेलं.

अण्णा : जाहिरातीत असं लिहितात का? 'हिने औषधं दिली नाहीत'! लोक काय समजतील?

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग आपणहून बोलायला लागले, आणि इथून पुढे बोलण्याची बाजू बदलली. मी जे सिद्ध करायला बसले होते ते अण्णाच सांगू लागले.

अण्णा : बैलाचं आठवतं मला. २००६ नंतरची गोष्ट असेल. वाडीतला एक जण आला, बैलाचा पाय सुजलाय, माणसाचं डायक्लोफिनॅकचं मोठं इंजेक्शन द्या म्हणाला. तीस मिलीची बाटली येते ना, ती. सगळे तेच वापरायचे. वहिनी म्हणाल्या, गुरांना ते बंद झालंय, मेलॉक्सिकॅम लिहून आणा पशुवैद्याकडून. तो माणूस वर्षभर आमच्याशी बोलला नाही. मीही म्हटलं, बैलाला लागतंय, तुमचं काय जातंय?

मी : गिधाडं जात होती, अण्णा. डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं अशी गेली. जनावरांसाठी ते २००६ साली बंद केलं, पण लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या वापरत राहिले, म्हणून २०१५ मध्ये त्या मोठ्या बाटल्याच बंद करून तीन मिलीचं एकेरी इंजेक्शन ठेवलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक कोकणातल्या गिधाडांसाठी झटले ते याच काळात. काकू त्या लोकांना कधी भेटली असेल असं मला वाटत नाही. पण एका बाजूला ते होते आणि दुसऱ्या बाजूला काउंटरवर ती.

अण्णा : आमच्या लहानपणी ढोर टाकलं की आभाळात गिधाडं दिसायची. आता नाहीत खरी... बरं, तू नाही-नाहीच सांगत्येस. दिलेलंही सांग की. विंचवाच्या गोळ्या?

प्राझोसिन म्हणायचं होतं त्यांना. ते मूळचं रक्तदाबाचं औषध. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर ते वापरून अभ्यास केला आणि कोकणातल्या कितीतरी पोरांचे जीव त्यातून वाचले. आमच्याकडे जांभ्याचे गडगे, त्यांच्या फटीत विंचू. दुकानाच्या हिशोबाने प्राझोसिन ठेवणं तोट्याचं. वर्षाकाठी खपणार किती? काकूकडे ते नेहमी असायचं. मुदत संपत आली की ती जुनी पट्टी बाजूला काढून नवी मागवायची. दंश झालेल्याला आधी आरोग्य केंद्रात पाठवायची आणि डॉक्टरांनी लिहून दिलं की गोळी तयार. खपतं ते नाकारायचं आणि खपत नाही ते ठेवायचं, अशी तिची दुकानदारी.

अण्णा : मला वहिनींनी शिकवलेलं सांगतो. पोरांचं अँटिबायोटिक येतं ना, बाटलीत पूड असते, पाणी घालून करायचं. शाळेतल्या एका बाईने पोराच्या बाटलीत नळाचं पाणी गळ्यापर्यंत भरलं होतं. वहिनींनी ती बाटली बाजूला ठेवली, नवी काढली. आधी बाटली आपटून पूड मोकळी केली. उकळून गार केलेलं पाणी थोडं घातलं, जोरात हलवली. फेस बसू दिला. मग पुन्हा पाणी, बाटलीवरच्या खुणेपर्यंत, पुन्हा हलवली. कागदी पट्टीवर तारीख लिहून चिकटवली आणि सांगितलं, सात दिवसांनी उरलं तरी ओतून टाका, पुढच्या तापाला ठेवू नका, प्रत्येक वेळी हलवून द्या. पैसे एकाच बाटलीचे घेतले. त्या बाईला लाज वाटेल असं एक अक्षर बोलल्या नाहीत. मी चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, पण इतकं नेमकं शिकवणं मला जमलं नाही.

मी : आणि बागेतले नेपाळी गडी?

अण्णा : हो हो. आंब्याच्या राखणीला येतात ते. मराठी येत नाही, वाचता येत नाही. त्यांच्या पाकिटावर सूर्य काढायच्या, डोक्यावरचा सूर्य काढायच्या, चंद्र काढायच्या. सूर्यापुढे गोळीचा एक ठिपका, चंद्रापुढे दोन. जेवणानंतरची असेल तर ताटली. फवारणीच्या दिवसांत डोळे झोंबतात, चक्कर येते म्हणून कुणी गोळी मागायला आला, तर गोळी न देता त्याला आधी कपडे बदलून अंग धुवायला लावायच्या आणि गाडीत घालून दवाखान्यात धाडायच्या.

मी : हे फार्मसिस्टचं काम आहे, अण्णा. यातलं काही 'संचालिका' या पदात बसत नाही.

अण्णा : आता माझं ऐक. धाकट्याला ताप आला होता, तीन-चार वर्षांचा असेल. आई म्हणाली, घरात दुकान आहे, भारीतलं औषध दे. वहिनींनी पोराचं वजन केलं आणि वजनावर पॅरासिटामॉलचा डोस काढला. अँटिबायोटिक नाही. आई तणतणली, म्हणाली ही कसली आई, स्वतःच्या पोराला औषध नाकारते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. म्हणजे बघ, घरात आणि दुकानात ती एकच होती. जी बाई स्वतःच्या पोराला विनाकारण देत नाही, ती लोकांच्याही पोरांना देत नाही. तू फार्मसिस्ट वेगळी काढतेस, मी आई वेगळी काढतो, दोघंही तिला तोडतोय. आदर्श माता लिहिलं त्यात हेच होतं माझ्या मनात. फक्त लिहिता आलं नाही.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मला ते शोधावंसंही वाटलं नाही. ते खरं आहे. फक्त एक गोष्ट मी सोडायला तयार नव्हते, आणि त्यावर आमचं अजून जमलेलं नाही.

मी : तिची सुट्टी. कायदा म्हणतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं. १९४८च्या फार्मसी कायद्यात आहे, औषध नियमांत आहे. तो नियम योग्यच आहे, मीही त्याच्या बाजूची आहे. पण खेड्यातल्या दुकानात फार्मसिस्ट एकच. ती उठली की दुकान बंद. बाकीचे कसं करतात तुम्हाला ठाऊक आहे. प्रमाणपत्र एकाचं, काउंटरवर दुसराच. प्रमाणपत्रवाल्याला महिन्याला ठरलेली रक्कम. २०१२-१३ मध्ये अन्न आणि औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी फार्मसिस्ट हजर हवा म्हणून कडक तपासणी सुरू केली, तर राज्यभर दुकानदारांनी बंद पुकारला. काकूला त्या तपासणीची भीती नव्हती, कारण ती बसलेलीच असायची. पण त्यासाठी तिने काय दिलं? भावाच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि ती परत निघाली. मुलांच्या स्नेहसंमेलनाला कधी पोचली नाही. कुठे गेलीच तर कुलूप लावून, दारावर पालीच्या दुकानाचा पत्ता लिहून. काकांनी दोन तास बसावं म्हटलं तर बसू दिलं नाही.

अण्णा : ती तिची निष्ठा होती. त्यात तिला समाधान होतं. तू त्याला दुःख का म्हणतेस?

मी : समाधान होतं, थकवाही होता. २०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा मेडिकल उघडी होती. मुंबईहून माणसं परतत होती. जो येईल तो करोनावरचं म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मागायचा. सव्वीस मार्चला सरकारने ते एच-१सारख्या निर्बंधांत घातलं, तोवर तिने आपल्याकडच्या दोन संधिवाताच्या बायकांपुरत्या पट्ट्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, कारण त्यांचं रोजचं औषध तेच. त्या काळात ती रात्री फोनवर मला म्हणाली होती, 'आठ दिवस माहेरी जाऊन नुसतं झोपावंसं वाटतं गं.' ती गेली नाही. निष्ठा म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण तिच्या जागी चार तास बसायला दुसरा फार्मसिस्ट आपण कुणी शोधला नाही. पाली-निवळी भागात डिप्लोमा करून घरी बसलेल्या मुली आहेत. एकीला विचारता आलं असतं.

अण्णा : तिने ऐकलं नसतं.

मी : कदाचित. पण विचारलं कुणी?

अण्णा यावर काही बोलले नाहीत. मला आजही वाटतं की हा प्रश्न त्यांना पटलेला नाही. त्यांच्या लेखी बाईने असं झिजणं हा तिचा मोठेपणा आहे आणि त्यावर हिशोब मांडणं म्हणजे तिला लहान करणं. माझ्या लेखी हिशोब न मांडणं म्हणजे पुढच्या बाईलाही तसंच झिजू देणं.

मजकूर शेवटी अण्णांनीच पुन्हा लिहिला, स्वतःच्या अक्षरात. पहिल्या ओळीत नाव आणि त्यापुढे 'नोंदणीकृत फार्मसिस्ट'. दुसऱ्या ओळीत 'पत्नी, आई, वहिनी, काकू'. 'आदर्श' त्यांनी आपणहून खोडलं. मग मी सुचवलेलं एक वाक्य त्यांनी जसंच्या तसं घेतलं आणि एक त्यांनी स्वतः घातलं. माझं असं : 'चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक कधी दिले नाही.' त्यांचं असं : 'संधिवाताच्या आठवड्याला एकदाच घ्यायच्या गोळीवर "फक्त रविवार" असे स्वतःच्या हाताने लिहून दिले.' मी विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत? तर म्हणाले, 'तुझी आई मेथोट्रेक्सेट घेते ना. डॉक्टरची चिठ्ठी मला रोजची वाटली होती. वहिनींनी ती वाचली आणि मला दुकानातच बसवून घेतलं, डॉक्टरला फोन लागेपर्यंत.' मेथोट्रेक्सेट आठवड्याऐवजी रोज घेतलं तर अस्थिमज्जा निकामी होऊन माणूस दगावू शकतो. आई आज घरात हिंडते-फिरते आहे.

वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी औषध घ्यायला जाल तेव्हा काउंटरमागच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं नोंदणी प्रमाणपत्र शोधा, त्यावरचं नाव वाचा आणि त्या नावाची व्यक्ती दुकानात आहे का ते विचारा. असेल तर औषध कसं आणि किती दिवस घ्यायचं ते तिलाच विचारा, नावाने हाक मारून. आणि तिने एखादं औषध नाकारलं तर शेजारच्या दुकानात जाऊ नका, डॉक्टरकडे जा.